बुचाचे झाड आणि गळाची मूठ

१/ परभणीत पायांखाली लांब देठांच्या पांढऱ्या, सुगंधी फुलांचा सडा दिसला, तर वर पाहावे. बुचाचे झाड असेल. त्याच्या भेगाळ सालीपासून हलक्या प्रतीचे बूच निघे, म्हणून हे नाव.

२/ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत वेळू चिरून, पट्ट्या सरसाने जोडून मासेमारीच्या नाजूक काठ्या घडू लागल्या. तो वेळू भारतातला. कोणत्या रानातला, कोणी तोडलेला, याचा मागमूस नाही. बाजारात तो ‘कलकत्ता’ या बंदराच्याच नावाने विके. पुढे चीनच्या टोंकिन वेळूने त्याची जागा घेतली.

३/ त्या काठीला पुढे बुचाची मूठ आली. सुमारे अर्ध्या इंचाच्या चकत्यांना भोके पाडून त्या काठीवर ओवायच्या, सरसाने चिकटवून दाबून ठेवायच्या, मग लेथवर फिरवत काचकागदाने आकार द्यायचा. ही मूठ हलकी, ओल्या हातातूनही न निसटणारी.

४/ हे बूच मात्र आपल्या झाडाचे नव्हे, भूमध्य सागराकडील ओकचे. पोर्तुगाल त्याचे माहेरघर. तिथे पहिली साल झाड सुमारे २५ वर्षांचे झाल्यावर काढतात. ती खडबडीत. नंतर दर ९ वर्षांनी. उत्तम बूच तिसऱ्या खेपेचे, म्हणजे झाडाने चाळिशी ओलांडल्यावरचे.