जंजीर कशाने गेला?

भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या बाजूला चौक हे किनाऱ्यावरचे गाव आहे. धारावीचा किल्ला इथलाच. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज त्यासाठी झुंजले, कारण वसईचा किल्ला खाडीच्या अगदी समोर. त्या वसईच्या वर विरार लागते. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात स्फोटके हुडकणारे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे पोलिसी कुत्रे निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतावर राहिले आणि २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. अशा कुत्र्यांचे पराक्रम आपण मुलांना आवडीने सांगतो. त्यांच्या दुखण्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही.

त्यांच्या आधीचा जंजीर घ्या. पुण्यात शिकून तो डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईच्या बाँबशोधक पथकात आला आणि तीनच महिन्यांत, १२ मार्च १९९३ रोजी, शहरात स्फोटमालिका झाली. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबाँब, असा त्याच्या कामाचा हिशेब सांगितला जातो. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो वारला, तेव्हा वय नऊ वर्षांचेही नव्हते. निरोप सन्मानाने दिला गेला. मृत्यूचे कारण होते हाडांचा कर्करोग.

आरडीएक्स हुंगल्याने तर हा रोग झाला नसेल? वर्गात हा प्रश्न हमखास येतो. तसा पुरावा नाही. आरडीएक्सची वाफ मुळात अत्यल्प असते. न्यूयॉर्कच्या २००१ च्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्याच्या धुळीत राबलेल्या कुत्र्यांवर पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवले. ते इतर शोधकुत्र्यांइतकेच, सुमारे पावणेतेरा वर्षे जगले. कामाच्या दिवसांत त्यांना त्रास झाला तो जखमा, थकवा आणि पोटाच्या तक्रारींचा.

अस्थिकर्करोगाचे धागे कामापेक्षा शरीराच्या आकाराशी अधिक जुळतात. मोठ्या चणीच्या कुत्र्यांत तो बराच जास्त आढळतो. उभ्या कुत्र्याचे सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असते आणि गाठही पुढच्या पायांतच अधिक वेळा होते. पहिले लक्षण अगदी साधे असते : लंगडणे. उड्या मारणारा, ढिगाऱ्यावर चढणारा कुत्रा लंगडला तर मुरगळले असेल असे कोणालाही वाटेल, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते! म्हणूनच हा रोग लपतो. निदान होईपर्यंत बहुसंख्य कुत्र्यांच्या फुफ्फुसांत सूक्ष्म पेशी पोचलेल्या असतात. नुसता पाय कापला तर आयुष्य साधारण चार-पाच महिने, सोबत औषधोपचार केले तर वर्षभर. आमच्या मते लंगडणाऱ्या कुत्र्याचे क्ष-किरण चित्र वेळेवर काढणे हे कोणत्याही सलामीपेक्षा मोलाचे आहे.

मुंबईच्या हवेत आणखी एक अडचण असते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना. अंग निवते ते धापेने, जिभेवरील आणि श्वसनमार्गातील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने. दमट हवेत ते मंदावते. शिवाय धापणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. म्हणजे तापलेला कुत्रा आजारी पडण्याआधीच कामातून उतरतो, आणि पथकाला ते कळलेच नाही तर बाँब मागे राहू शकतो. शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सियसच्या वर गेले, तर जीवच धोक्यात येतो.

पुन्हा हाडांकडे येऊ. हाच कर्करोग माणसांत मुख्यतः वाढत्या वयाच्या मुलामुलींना होतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गाठी कमालीच्या सारख्या दिसतात. पाय न कापता हाड वाचवण्याच्या शस्त्रक्रियेचे बरेचसे ज्ञान कुत्र्यांवरील उपचारांतून मिळाले. मिफाम्युर्टाइड हे औषधही पाय कापलेल्या रोगी कुत्र्यांना १९८० च्या दशकात दिले गेले. ते अधिक काळ जगले आणि २००९ मध्ये युरोपात या रोगाच्या मुलांसाठी ते मंजूर झाले.