अधिछात्रवृत्ती, विज्ञान-संशोधनार्थ (बुलढाणा जिल्हा)

गणित, भौतिकी व तत्सम विज्ञानांत पीएच्.डी. पदवीसाठी संशोधन करणाऱ्यास निर्वाहार्थ ठराविक मुदतीपर्यंत दरमहा दिली जाणारी रक्कम म्हणजे संशोधन अधिछात्रवृत्ती. बक्षीस व शुल्कमाफी यांहून ती भिन्न असते. संशोधकास अन्य नोकरी न करता अभ्यास करता यावा, हा तिचा हेतू. बुलढाण्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातील विद्यार्थी संशोधनाकडे वळणार की नाही, हे पुष्कळदा तिच्यावरच अवलंबून असते.

एकोणिसाव्या शतकात असे साहाय्य मोजक्यांनाच मिळे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले व १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापिलेल्या निधीतील शिष्यवृत्ती कर्जाऊ असे. तिचा लाभ घेऊन जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले. तत्पूर्वी १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्याने वऱ्हाडातील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण काहीसे जवळ आले होते. परंतु विद्यापीठ जवळ आले, म्हणून निर्वाहाचा प्रश्न सुटला नाही.

या प्रश्नास देशव्यापी उत्तर स्वातंत्र्योत्तर काळात मिळू लागले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (स्थापना १९४२) आणि विद्यापीठ अनुदान आयोग (१९५३) यांनी अधिछात्रवृत्त्या दिल्या. १९८४ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्तीसाठी राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा सुरू झाली. शिफारशीपेक्षा गुणांना महत्त्व आल्याने खामगाव वा मेहकरचा विद्यार्थी मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याबरोबर एकाच परीक्षेस बसू लागला. १९८३ मध्ये बुलढाणा जिल्हा नव्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत आला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाने गणितासाठी स्वतंत्र अधिछात्रवृत्त्या ठेवल्या. २००८ मधील ‘इन्स्पायर’ योजनेने विद्यापीठाच्या पदव्युत्तर परीक्षेत प्रथम येणाऱ्यांचाही विचार केला.

प्रवेश व अधिछात्रवृत्ती या दोन बाबींची गल्लत होता कामा नये. टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याचे ‘आयुका’ इ. संस्थांत निवड झाली, की साधारणतः अधिछात्रवृत्तीही लाभते. विद्यापीठात मात्र नोंदणी झाली, तरी निर्वाहाची सोय उमेदवारास बहुधा स्वतंत्रपणे करावी लागते. २०२४ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या निकालात केवळ पीएच्.डी. प्रवेशासाठी पात्र असाही वर्ग आहे. त्यातील उमेदवारास प्रवेशाचा मार्ग खुला होतो, परंतु कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळत नाही. ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रु. व पुढे ४२,००० रु. मिळतात. बार्टी, सारथी व महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या प्रवर्गांतील संशोधकांना साहाय्य करतात. मार्गदर्शकाच्या प्रकल्पातूनही वेतन मिळू शकते. तथापि प्रकल्पाची मुदत संपताच ते थांबते.

या जिल्ह्यात संशोधनाच्या विषयांची वाण नाही. लोणारचे सु. १·८ किमी. व्यासाचे विवर बेसाल्ट खडकातील उल्काघाताचे असल्याचे १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने दाखवून दिले. तेव्हापासून देशोदेशीचे संशोधक येथे येत आहेत. अशा संशोधनात जिल्ह्यातील तरुणांचा वाटा वाढावयाचा, तर पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षापासूनच त्यांना या परीक्षांची व अधिछात्रवृत्त्यांची माहिती मिळणे आवश्यक आहे. कारण पदवी हाती आल्यानंतर शोध सुरू करणाऱ्याचे एक वर्ष सहज वाया जाते आणि ते पदरमोड करून काढणे सर्वांना परवडत नाही.