पिरान्ह्याचे मूळ गाव

मराठी माणसाला नुसतं नाव सांगून भागत नाही. "कुलकर्णी का? बरं. कुठले?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. आपण "पुण्याचे" म्हणावं, तर तो कीव केल्यासारखा हसतो. "ते आत्ताचे हो! मूळचे कुठले?" मग मूळ गाव, गावाजवळची नदी, कुलदैवत आणि दोघांच्याही ओळखीचा एखादा कर्जबुडव्या इतकं निघालं, की मगच ओळख पटल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर पसरतं. पुष्कळांना हा भोचकपणा वाटतो. मी मात्र या चौकशीचा कट्टर पुरस्कर्ता आहे, आणि मला तसं केलं ते पिरान्हा नावाच्या माशाने.

त्याचं असं झालं, की माझा भाचा मासे पाळतो. आमच्या घराण्यात मासे खाणारे पुष्कळ होऊन गेले; पाळणारा हा पहिलाच. एके दिवशी त्याने परदेशातल्या शोभेच्या माशांच्या व्यापाऱ्यांच्या किमतीच्या याद्या माझ्यापुढे टाकल्या. गोल्ड, रूबी रेड, सुपर रेड, व्हाइट, ब्लॅक, रेड आय, ब्लॅक डायमंड, व्हायलेट लाइन... मला वाटलं, याने चुकून सराफाच्या पेढीची यादी आणली.

"यात मासे कुठायत रे?"

"मामा, हे सगळे पिरान्हेच."

"आणि हा खालचा? शाकाहारी पिरान्हा?"

"तो पिरान्हाच नाही. पण त्याच्याकडे नंतर येऊ."

आपणही नंतरच येऊ.

पिरान्हा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. नदीत बैल उतरतो आणि पाच मिनिटांत पलीकडे त्याचा सांगाडा निघतो. हे चित्र रंगवायला मोठमोठ्यांचा हात लागला आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९१३-१४ साली ब्राझीलच्या जंगलात फिरून आले आणि जगातला सर्वांत क्रूर मासा हाच, असं त्यांनी १९१४ च्या आपल्या पुस्तकात लिहून टाकलं. माजी राष्ट्राध्यक्षाला खोटं कोण पाडणार? राहिलेली कसर १९७८ च्या 'पिरान्हा' या हॉलिवुडच्या चित्रपटाने भरून काढली. मूळ शब्द मात्र अगदी साधा आहे. तो ब्राझीलच्या तुपी भाषेतून आला आणि त्याचा अर्थ दातवाला मासा, एवढाच. ज्यांच्या नदीत हा मासा होता, त्यांना त्याच्यात सांगण्यासारखे फक्त दात दिसले.

पुढे बारसं करायला युरोपातले विद्वान सरसावले. १७६६ साली लिनियसने यांच्यातल्या एकाला 'ऱ्हॉम्बियस' म्हटलं. म्हणजे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा. पण त्याला सामन माशाच्या घरात दत्तक देऊन टाकलं. १८०३ साली लासेपेद या फ्रेंच पंडिताने त्याला वेगळी चूल मांडून दिली. पोटाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, म्हणून कुळाचं नाव ठेवलं 'सेरासाल्मस'. अर्थ, करवती सामन. दत्तकविधान मोडलं, पण जुन्या घराचं आडनाव काही सुटलं नाही.

हा चौकटवाला ऱ्हॉम्बियस लहानपणी रुपेरी असतो, अंगावर ठिपके असतात. वय वाढतं तसे डोळे लालभडक होतात, अंग काळवंडतं. शिवाय पाणी बदललं की छटा बदलते. झालं! व्यापाऱ्याला एवढं पुरे. रुपेरी असेल तेव्हा तो व्हाइट, डोळे तांबारले की रेड आय, काळा पडला की ब्लॅक, आणि अंग जरा चमकलं की डायमंड. म्हणजे लहानपणी बाळ्या, नोकरीत बाळासाहेब आणि पेन्शनीत अण्णा असलेल्या एकाच गृहस्थाची तीन रेशनकार्डं काढावीत, तसा हा प्रकार. हिऱ्याचा भाव अर्थातच वेगळा.

याच्या उलटाही व्यवहार चालतो. गोल्ड म्हणून जो पिरान्हा विकतात, त्याच्यावर कितीतरी वर्षं 'स्पिलोप्लुरा' अशी पाटी होती. २००१ साली जेगू आणि दोस सांतोस या दोन संशोधकांनी जुनी कागदपत्रं आणि जुने मासे तपासून दाखवलं, की त्या पाटीखाली वावरणारे पुष्कळसे मासे 'माक्युलाटस' नावाच्या निराळ्याच जातीचे आहेत. पेरूकडचा 'सांचेझी' हाही कधी त्याच पाटीखाली, तर कधी रूबी रेड म्हणून खपत होता. कुठे एका माशाला चार नावं, तर कुठे एका नावाखाली दोन-तीन मासे. आमच्या चाळीतल्या वीजमीटरांची व्यवस्था याहून बरी होती.

मग खरा मासा ओळखायचा तरी कसा? इथे योहान नाटरर या गृहस्थाची गोष्ट सांगायला हवी. १८१७ साली ऑस्ट्रियाच्या राजकन्येचं लग्न पोर्तुगालच्या राजपुत्राशी ठरलं. नवरदेव ब्राझीलमध्ये राहत होता. बादशहाने मुलीच्या वऱ्हाडाबरोबर काही निसर्गशास्त्रज्ञही धाडले. त्यांत नाटरर होता. वऱ्हाडाबरोबर गेलेला हा पाहुणा अठरा वर्षं परतला नाही! नद्यानद्यांतून हिंडत त्याने बारा हजारांवर पक्षी आणि शेकड्यांनी मासे जमवून व्हिएन्नाला पाठवले. १८४३ साली तो वारला. १८४८ च्या दंगलीत राजवाड्याला आग लागली आणि त्याच्या रोजनिश्या, टिपणं सगळी जळून गेली. मासे तेवढे स्पिरिटच्या बरण्यांत मुरत राहिले. १८५८ साली रुडॉल्फ क्नेर याने त्या बरण्या उघडून माशांची बारशी केली. आज दुकानांत सर्वांत जास्त खपणारा लाल पोटाचा पिरान्हा, त्याचं नाव 'नाटेरेरी'. म्हणजे नाटररचा. अठरा वर्षांच्या पायपिटीची ही पावती, आणि तीही मरणोत्तर.

स्पिरिटमधल्या माशाचा रंग उडून जातो. लाल, सोनेरी, जांभळा असला सगळा सराफी माल दोन-चार वर्षांत सारखाच फिका पिवळा दिसू लागतो. शास्त्रज्ञ मग दात बघतात, पोटावरचे करवती दाते मोजतात, आणि सर्वांत आधी बरणीवरची चिठ्ठी वाचतात. मासा कुठल्या नदीचा? म्हणजे शेवटी प्रश्न तोच! मूळचे कुठले?

१९९३ साली विल्यम फिंक याने लाल पोटाच्या पिरान्ह्यांचं सगळं घराणं नीट तपासलं आणि त्यात तीन शाखा पक्क्या केल्या. 'पिराया' हा साओ फ्रान्सिस्को नदीतला, 'करीबा' ओरिनोकोतला आणि 'नाटेरेरी' ॲमेझॉन, पाराग्वाय वगैरे नद्यांतला. आपल्याकडे हे काम किती सोपं झालं असतं! फ्रान्सिस्कोकर, ओरिनोकोकर, ॲमेझॉनकर. लग्नपत्रिकेतसुद्धा घोटाळा होणार नाही. पण व्यापारात नेमकी चिठ्ठीच गळते. कोळ्याकडून गोळा करणाऱ्याकडे, तिथून इकितोससारख्या शहरातल्या निर्यातदाराकडे, मग विमान, मग घाऊक व्यापारी, मग दुकान. प्रत्येक हाताबरोबर गाव पुसट होतं आणि नाव भपकेबाज होतं. फिंकने नाटेरेरीत सामावून घेतलेला 'टर्नेट्झी' अजूनही दुकानांत सवता सुभा आणि सवता भाव राखून आहे.

यात बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. माशाला नावाचं काय सुखदुःख? पण नाव कधीकधी फार दूरवर चावतं. ओरिनोकोच्या खोऱ्यात पिरान्ह्याला 'करीबे' म्हणतात. १८०० साली हुम्बोल्ट तिथून गेला, आणि तेच नाव त्याने शास्त्रात नेलं. करीब हे तिथल्या माणसांचं नाव. कोलंबसाच्या मंडळींनी त्यांच्यावर माणसं खाण्याचा आळ घेतला, आणि इंग्रजीतला 'कॅनिबल' हा शब्दही त्यांच्याच नावातून निघाला. पुढे मासा चावला, तर तेच नाव माशाला. आधी एका समाजाची बदनामी केली, मग ती माशाला चिकटवली, आणि आता मासा तेवढा लक्षात आहे.

तो मासा तरी तितका क्रूर आहे का? दात खरेच आहेत. तिकोनी, एकाच ओळीत, एकमेकांत कात्रीसारखे बसणारे. पण हे थव्याने फिरतात ते शिकारीसाठी नव्हे, असं ॲन मगुरन आणि एल्देर केइरोस यांनी ॲमेझॉनमध्ये अभ्यास करून २००५ साली मांडलं. सुसर, डॉल्फिन आणि मोठे मासे यांच्या भीतीने बिचारे घोळका करून राहतात. रात्री जिन्यातला दिवा गेला की आमच्या चाळीतले लोक असेच एकत्र येत, पण त्यांना कुणी सैतान म्हटलं नाही.

आता तो शाकाहारी पिरान्हा. त्याचं खरं नाव पाकू. तोही दक्षिण अमेरिकेचाच, पिरान्ह्याचा भाऊबंद. लहानपणी लाल पोटामुळे हुबेहूब पिरान्हाच वाटतो. मात्र तोंड उघडलं, की आत चपट्या, माणसाच्या दाढांसारख्या दातांच्या ओळी. पुराच्या पाण्यात पडलेली फळं आणि कठीण बिया फोडून खाणारा हा प्राणी. तो २००३-०४ च्या सुमारास बांगलादेशाकडून चोरवाटेने भारतात आला, आणि आता आपल्या मासळीबाजारात त्याचं नाव आहे रूपचंद! नाव ऐकून मला तो काळी टोपी घालून गादीवर बसलेलाच दिसतो. पण यात गोम आहे. बंगालीत पापलेटला रूपचांदा म्हणतात. म्हणजे हा आला तोच पापलेटचं नाव सांगत. बांगलादेशात तर खरा पिरान्हाही रूपचांदा म्हणून विकत होते. २००८ साली सरकारला त्याच्यावर बंदी घालावी लागली.

आमच्या बाजारात मी एका मावशींना विचारलं, "हा पापलेट का हो?"

"पापलेटच की. गोड्या पाण्यातला."

"कुठला?"

"कुठला म्हंजे? टोपलीतला!"

मी त्याचा ओठ जरासा उचलून बघितला. आत दाढा. मावशींनी माझ्याकडे, बायकोचं स्थळ बघायला आलेला माणूस दात तपासतोय, अशा नजरेने पाहिलं.

तर गंमत अशी, की टोपलीत असतो तोवर तो पापलेट, आणि नदीत गळाला लागला की वर्तमानपत्रात पिरान्हा. एका नावाने गिऱ्हाईक फसतं, दुसऱ्याने गाव घाबरतं. खरी काळजी तिसरीच, आणि तिला कुणी नाव ठेवत नाही. २०१८ च्या महापुरात केरळात पाळीव तळी फुटली आणि पाकूसारखे परदेशी पाहुणे तिथल्या नद्यांत शिरले. एकेक पाकू वीस किलोंच्या पुढे वाढू शकतो. आपल्या नदीतल्या लहान माशांनी त्याच्या शेजारी संसार कसा करायचा? पापलेट म्हणून घेतलेल्या माशाबद्दल हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येतच नाही. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. राज्यमाशाच्या नावावर दुसऱ्याने भाव खावा, हे तर चांगलं नाही.

रूपचंद चवीला बरा लागतो, याबद्दल माझी तक्रार नाही. खुशाल घ्यावा, पण रूपचंद म्हणून घ्यावा आणि रूपचंदाच्या भावानेच घ्यावा. भाच्यालाही मी बजावून ठेवलं आहे, की पाळायचा कंटाळा आला तर मासा नदीत सोडायचा नाही. आमच्या घराण्याची जुनी पद्धत आहे, कढईत सोडायचा.