केरूनाना : उत्तर मागे पडले, पद्धत उरली

(१) धागा : मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, हे आपण सारे जाणतो. परंतु कोकणातील काही घरांत ती १० जानेवारीलाच साजरी होते. एखाद्या वर्षी या घरांतला गणपतीही इतरांच्या महिनाभर आधी बसतो. ही घरे टिळक पंचांग मानतात. या वेगळ्या तारखांच्या मुळाशी एका विज्ञानशिक्षकाचे आयुष्यभराचे काम आहे. त्या शिक्षकाचे नाव मात्र पंचांगावर नाही. आजचा धागा त्यांच्यासाठी.

(२) प्रो. केरो लक्ष्मण छत्रे. पुण्यात ते केरूनाना किंवा केरोपंत या नावांनी ओळखले जात. जन्म १८२५, अलिबागजवळच्या नागाव येथे, मृत्यू १८८४. गणित, पदार्थविज्ञान आणि ज्योतिष यांचे अध्यापक. (ज्योतिष म्हणजे येथे खगोलगणित, भविष्यकथन नव्हे.) बाळ गंगाधर टिळकांचे ते गुरू. शालेय पुस्तकांत शिष्याला प्रकरण मिळते, गुरूला फार तर एक ओळ. ती ओळ आज थोडी लांबवू या.

(३) नागावहून हा मुलगा शिक्षणासाठी मुंबईला आला आणि एल्फिन्स्टन संस्थेत शिकू लागला. तेथे त्याला लाभलेले गुरू म्हणजे बाळशास्त्री जांभेकर. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण बाळशास्त्री गणित आणि खगोलही शिकवीत. ‘शून्यलब्धी’ हे कलनशास्त्रावरचे मराठी पुस्तक त्यांचेच. दादाभाई नौरोजी याच संस्थेचे विद्यार्थी आणि केरोपंतांच्याच वर्षी जन्मलेले. एका लहानशा संस्थेतून किती निरनिराळ्या वाटा फुटल्या, हे यावरून ध्यानात यावे.

(४) बाळशास्त्री १८४६ मध्ये गेले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम चौतीस वर्षांचे होते. केरोपंत त्या वेळी एकविशीत होते. गुरूचा सहवास अल्प ठरला, पण त्या काळातच एक दुसरी शाळा त्यांच्या आयुष्यात आली होती. ती शाळा म्हणजे कुलाब्याची वेधशाळा.

(५) ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली. पुढे तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. प्रा. ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या या कामात केरोपंत पंधरा-सोळा वर्षांचे असतानाच रुजू झाले. काम कसले? टांगलेला लोहचुंबक किती हलला, हवेचा दाब किती, तापमान किती, हे ठरलेल्या वेळी पाहायचे आणि लिहून ठेवायचे. उद्या पुन्हा तेच. परवा पुन्हा तेच.

(६) हे काम नीरस भासते खरे. पण त्यात एक शिस्त दडलेली आहे. सुई जेथे आहे तेथेच ती आहे असे लिहावे लागते. आपल्याला ती जेथे असावीशी वाटते तेथे नव्हे. ग्रंथात काय लिहिले आहे, वरिष्ठांचे काय मत आहे, याची सुईला पर्वा नसते. केरोपंतांनी जवळजवळ दहा वर्षे ही शिस्त अंगी बाणवली. त्यांच्या पुढील साऱ्या कामाची किल्ली मला येथे दिसते.

(७) १८५१ मध्ये ते पुण्यास आले. एल्फिन्स्टनने १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात स्थापलेल्या संस्कृत पाठशाळेचे याच सुमारास इंग्रजी शाळेशी एकत्रीकरण होऊन पूना कॉलेज उभे राहिले. पुढे १८६४ मध्ये तेच डेक्कन कॉलेज झाले. पेशवाई संपून तेहतीस वर्षे लोटली होती. ज्या वाड्यात शास्त्रीमंडळी न्याय, व्याकरण, ज्योतिष शिकवीत, तेथे आता सव्वीस वर्षांचा एक तरुण न्यूटनचे गणित शिकवू लागला.

(८) नानांनी केवळ इंग्रजीत शिकवण्यात समाधान मानले नाही. मराठीत त्यांनी ‘अंकगणित’ आणि ‘पदार्थविज्ञानशास्त्र’ ही पुस्तके लिहिली. क्षणभर त्या काळात जाऊन पाहा. गती, बल, दाब, उष्णता यांविषयी मराठीत लिहायचे, तर आधी शब्द हवेत. ते संस्कृतातून घ्यायचे, बोलीतून उचलायचे, की इंग्रजीच ठेवायचे? हे प्रश्न त्या पिढीतल्या प्रत्येक शिक्षकाला पानोपानी सोडवावे लागले. आपण ते शब्द आज आयते वापरतो.

(९) येथे एक कटू सत्यही नोंदवले पाहिजे. मूळची पाठशाळा ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती होती. दारे इतरांना खुली झाल्यावरही नानांच्या वर्गातले चेहरे फारसे बदलले नाहीत. त्याच पुण्यात जोतीराव फुले १८४८ पासून मुलींसाठी आणि पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा चालवीत होते. सरकारी पैसा उच्चवर्णीयांच्या उच्चशिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे स्पष्ट मांडले. चांगल्या शिक्षकाची थोरवी सांगताना त्याच्या वर्गाबाहेर कोण राहिले, हेही सांगावे लागते.

(१०) आता पंचांगाकडे वळू. नानांच्या काळी महाराष्ट्रातील पंचांगे मुख्यतः ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. त्याचा कर्ता गणेश दैवज्ञ; ग्रंथाचा काळ शके १४४२, म्हणजे १५२०. गणेश दैवज्ञ नांदगावचे, म्हणजे नानांच्या नागावच्याच किनाऱ्यावरचे. त्यांनी ज्या-चापांची किचकट आकडेमोड टाळून ग्रहगणित इतके सोपे केले, की साध्या जोश्यालाही ते साधावे.

(११) पण गणित कितीही सुटसुटीत असले, तरी आकाश आपल्या गतीने चालते. सूर्यसिद्धान्तातील वर्षाचे मान ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटे, ३६ सेकंद. सूर्य त्याच ताऱ्यापाशी परतायला प्रत्यक्षात लागतात ३६५ दिवस, ६ तास, ९ मिनिटे, १० सेकंद. फरक साडेतीन मिनिटांहूनही कमी. पण तो दरवर्षी साचत जातो. हजार वर्षांत तो जवळजवळ अडीच दिवसांचा होतो. ग्रहांच्या स्थानांतही अशाच चुका साठत गेल्या होत्या.

(१२) परिणामी पंचांगात लिहिलेले आकाश आणि डोक्यावरचे आकाश यांत अंतर पडले. कुलाब्याला दहा वर्षे सुईवर नजर ठेवलेल्या माणसाला हे कसे रुचावे? १८६० मध्ये नानांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. युरोपीय खगोलगणिताच्या आधारे ग्रहांची स्थाने मराठी जोश्याला काढता यावीत, यासाठी केलेला हा खटाटोप. गणित नवे, मांडणी मात्र आपल्या पंचांगाला सोयीची.

(१३) पुढचे पाऊल १८६५ मधले. आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने नानांनी नव्या गणिताचे पंचांग सुरू केले. त्याचे नाव पडले ‘पटवर्धनी पंचांग’. गणित नानांचे, नाव आश्रयदात्याचे! या पंचांगात राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातील झीटा पिशियम या ताऱ्यापासून मोजला होता. हा तारा अतिशय मंद. काळोख्या रात्रीही नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसावा असा.

(१४) लोकांनी हे पंचांग उचलून धरले का? फारसे नाही. तिथी बदलली की श्राद्ध बदलते, एकादशी बदलते, मुहूर्त बदलतो. बापजाद्यांनी पाळलेला दिवस चुकीचा होता, हे एखाद्या कुटुंबाने सहज का मान्य करावे? विज्ञानाचा निष्कर्ष घरच्या देव्हाऱ्यापर्यंत पोहोचतो, तेव्हा वाद केवळ गणिताचा राहत नाही. नाना मात्र चिकाटीने पंचांग काढीत राहिले.

(१५) विरोध जुन्या मताच्या लोकांकडूनच आला असे नाही. विसाजी रघुनाथ लेले यांनी उलट बाजूने हल्ला चढवला. त्यांचे म्हणणे असे, की सुधारणा करायचीच तर तारे सोडून ऋतूंशी जुळणारे सायन वर्ष का घेत नाही? हा वाद वृत्तपत्रांतून रंगला. सायनपक्षाच्या अभिमान्यांत शंकर बाळकृष्ण दीक्षितही होते. ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या आपल्या १८९६ च्या ग्रंथात त्यांनी केरोपंतांचे चरित्र आणि कार्य नोंदवून ठेवले. मत वेगळे असूनही त्यांनी ती नोंद गाळली नाही. नानांविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले पुष्कळसे त्यामुळेच टिकले.

(१६) याच वर्षांत डेक्कन कॉलेजच्या वर्गात रत्नागिरीचा एक विद्यार्थी बसत होता. बाळ गंगाधर टिळक यांचे वडील स्वतः शिक्षक, गणिताची गोडी घरचीच. तिला खतपाणी घातले नानांनी. १८७६ मध्ये टिळक गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले. गणितात एम.ए. करण्याचा प्रयत्न मात्र साधला नाही. तरीही गणित सुटले नाही. न्यू इंग्लिश स्कूल आणि पुढे फर्ग्युसन कॉलेज येथे त्यांनी गणितच शिकवले.

(१७) नाना १८७९ मध्ये निवृत्त झाले. १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले. टिळक, आगरकर आणि त्यांचे सहकारी आता स्वतःच शिक्षक झाले होते. बाळशास्त्र्यांकडून नानांकडे आलेली शिदोरी तिसऱ्या पिढीच्या हाती गेली.

(१८) टिळकांचा ‘ओरायन’ १८९३ मध्ये आला. वेदांतील उल्लेखांवरून वसंतसंपात मृगशीर्ष नक्षत्रात असल्याचा काळ काढायचा, आणि त्यावरून वेदांचे वय ठरवायचे, असा तो युक्तिवाद. संपातबिंदू ताऱ्यांमधून मागे सरकत जातो. सुमारे ७२ वर्षांत एक अंश. यालाच अयनचलन म्हणतात. टिळकांचे निष्कर्ष पुढील संशोधकांनी सर्वत्र स्वीकारले नाहीत. पण त्यामागचे गणित तेच होते, ज्यात त्यांच्या गुरूने हयात घालवली होती.

(१९) पंचांगाचे कामही टिळकांनी पुढे नेले. शेवटपर्यंत ते ज्योतिष संमेलनांत लक्ष घालीत राहिले. १९२० च्या सांगली संमेलनानंतर जे पंचांग रूढ झाले, ते टिळक पंचांग. त्याचाही आरंभबिंदू झीटा पिशियम! नानांनी निवडलेला मंद तारा शिष्याने सोडला नाही. नाव मात्र पुन्हा बदलले. आधी पटवर्धन, मग टिळक. छत्रे दोन्ही वेळा आतच राहिले.

(२०) मग इतर पंचांगे वेगळी का? व्यंकटेश बापूजी केतकर आणि अन्य अभ्यासकांनी चित्रा हा तेजस्वी तारा प्रमाण मानला. त्याच्या बरोबर समोरचा बिंदू म्हणजे राशिचक्राचा आरंभ. या दोन आरंभबिंदूंत जवळपास चार अंशांचे अंतर आहे. सूर्य दिवसाला सुमारे एक अंश चालतो. म्हणून टिळक पंचांगाची संक्रांत चार दिवस आधी. अमावास्या नेमकी या चार दिवसांत आली, तर अधिक मासही बदलतो आणि सण महिनाभर सरकतात.

(२१) मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. निरयन गणितासाठी समितीने घेतलेला आरंभबिंदूही चित्रापक्षाशी जुळणारा. आज बहुसंख्य मराठी घरांत चित्रापक्षाचेच पंचांग असते. म्हणजे नानांचा तारा मागे पडला. हे मान्य करायला संकोच नको.

(२२) परंतु आता दुसरी बाजू पाहा. चित्रापक्षाचे पंचांग असो वा रेवतीपक्षाचे, आज दोन्हींत ग्रहांची स्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळवून दिलेली असतात. ग्रहणाची वेळ छापली, तर ग्रहण त्या वेळी दिसले पाहिजे, अशी आपली साधी अपेक्षा असते. पंचांगाने आकाशाशी प्रामाणिक राहावे, हा आग्रह १८६० च्या दशकात वेडेपणाचा वाटत होता. आज तो कोणाला आग्रहही वाटत नाही.

(२३) मला नानांचे मोठेपण येथे दिसते. शिक्षकाचे प्रत्येक उत्तर टिकलेच पाहिजे असे नाही. गणेश दैवज्ञांनी आपल्या आधीच्या गणितात दुरुस्ती केली, नानांनी गणेश दैवज्ञांच्या, केतकरांनी नानांच्या. प्रत्येकाने आधीच्याचा मान राखला आणि तरीही पुन्हा वर पाहिले. परंपरा म्हणजे जुने आकडे जपणे, असे मानणाऱ्यांनी ही साखळी अवश्य अभ्यासावी.

(२४) जाता जाता कुलाब्याची गोष्ट. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबकाची सुई बिथरेल हे ओळखून चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये दुसरीकडे नेली गेली. कोठे? अलिबागला. ज्या कामाने नाना घडले, ते काम त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी त्यांच्याच गावाशेजारी येऊन स्थिरावले. सुई काय दाखवते, ते तेथे अजूनही लिहून ठेवले जाते.

(२५) भाषणे छापली जातात, खटल्यांची कागदपत्रे उरतात. वर्गात शिकवलेला तास मात्र घंटेबरोबर संपतो. म्हणून शिक्षकाचा इतिहास त्याच्या शिष्यांच्या कामात शोधावा लागतो. पुढच्या १० जानेवारीला कोणी तिळगूळ दिला, तर केरूनानांचे नाव अवश्य सांगा. आणि ‘हे खरे आहे का, एकदा स्वतः पाहा’ असे तुम्हाला प्रथम सांगणारे विज्ञानशिक्षक कोण होते, ते खाली लिहा. त्यांचेही नाव कोठेतरी नोंदले जाऊ दे.