पूल उचला, होडी येतेय!

कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते शेताकडे निघालेलं पाटाचं पाणी. पाणी कधी सुटणार, आवर्तन किती दिवसांचं, शेवटच्या शेतापर्यंत पोहोचणार का, हे आपले कालव्याबद्दलचे प्रश्न. इंग्लंडमधल्या माणसाला मात्र कालवा म्हटलं की होडी आठवते. तिथले बहुतेक कालवे शेतीसाठी खणलेलेच नव्हते, ते होते मालवाहतुकीचे रस्ते. आज त्यांवरून कोळसा जात नाही, सुट्टीवर निघालेली माणसं जातात. आणि नकाशा पुढ्यात घेऊन बसलेल्या या मंडळींना दरवर्षी एक प्रश्न सतावतो : दुरुस्तीसाठी बंद केलेला कालवा आपण पोहोचेपर्यंत उघडेल ना?

वरवर पाहता हा हौशी लोकांचा किरकोळ प्रश्न. पण याच प्रश्नातून इंग्लंडातले शेकडो मैलांचे कालवे वाचले. ते कसे, हे समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात झाली १७६१ साली. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या वर्स्ली इथल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा खणवला. जेम्स ब्रिंडली हा त्या कामावरचा नावाजलेला अभियंता. कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरमध्ये कोळशाची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. मग काय, देशभर कालवे खणण्याची लाटच उसळली. डोंगर आला तर बोगदा, नदी आली तर तिच्यावरून जलसेतू आणि चढ आला तर लॉक. लॉक म्हणजे पाण्याची पायरी समजा. दोन दरवाजांमधल्या हौदात होडी घ्यायची, हौद भरायचा किंवा रिकामा करायचा, की होडी वरच्या किंवा खालच्या पातळीवर जाते. मध्य इंग्लंडातले अनेक लॉक जेमतेम सात फूट रुंद. म्हणून तिथल्या होड्याही अरुंद आणि लांबलचक, जास्तीत जास्त सत्तर फुटांच्या आसपास.

पुढे रेल्वे आली. रेल्वे कंपन्यांनी अनेक कालवे विकत घेतले आणि इथेच खरी मेख आहे. हे कालवे पार्लमेंटच्या कायद्यांनी बांधलेले. ठरलेला कर भरून त्यांवरून होडी नेण्याचा लोकांचा हक्क त्या कायद्यांतच होता. कालवा बंद करायचा तर पुन्हा सरकारदरबारी जाणं भाग होतं. रेल्वे कंपन्यांना आपल्याच मालाशी स्पर्धा करणारा कालवा चालवण्यात रस नव्हता. पण बंद करायला परवानगी लागते, दुरुस्ती लांबवायला लागत नाही! गाळ काढायचा राहून गेला, दरवाजे कुजत राहिले, पाणवेली माजल्या. काही वर्षांनी होड्या येईनाशा झाल्या, की म्हणायचं, ‘पाहा, कालवा कोणी वापरतच नाही.’

या परिस्थितीत एल. टी. सी. रोल्ट नावाचा एक अभियंता ‘क्रेसी’ नावाच्या जुन्या होडीवर संसार थाटून राहत होता. १९३९ साली लग्न झाल्यावर तो आणि त्याची पत्नी अँजेला त्या होडीतून कालव्यांच्या प्रवासाला निघाले. त्या प्रवासावरचं त्याचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालं. युद्धाने थकलेल्या वाचकांना ते फार भावलं. ते वाचून रॉबर्ट एकमन नावाच्या लेखकाने रोल्टला पत्र लिहिलं, दोघं भेटले आणि १९४६ साली ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. देशातले जलमार्ग वाचवायचे, हा तिचा हेतू.

पण वाचवायचे म्हणजे नेमकं करायचं काय? उत्तर सापडलं बर्मिंगहॅमजवळच्या लिफर्ड लेन इथल्या पुलापाशी. स्ट्रॅटफर्ड कालव्यावर तिथे एक उचलता येणारा पूल होता. तो नादुरुस्त झाला, तेव्हा ग्रेट वेस्टर्न रेल्वेने तो पूर्ववत करण्याऐवजी त्या जागी एक ठेंगणा, न हलणारा पूल टाकून दिला. त्याखालून मोठी होडी जाणं शक्य नव्हतं. म्हणजे कालवा कागदावर चालू आणि प्रत्यक्षात बंद. १९४७ मध्ये लॉर्ड मेथुएन यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये याबद्दल प्रश्न विचारला. सरकारकडून उत्तर आलं, की होडी नेण्याची आगाऊ सूचना मिळाली तर पूल उचलला जाईल. उत्तर देणाऱ्याला बहुधा वाटलं असेल, की अशी सूचना देतंय कोण!

रोल्टने लगेच सूचना दिली. मे महिन्यात ‘क्रेसी’ पुलापाशी येऊन ठेपली. रेल्वेचे कामगार जॅक घेऊन हजर होते. त्यांनी पूल वर उचलला आणि बघ्यांच्या आणि वार्ताहरांच्या साक्षीने होडी त्याखालून पुढे सरकली. पुढचा प्रवास गाळातून आणि पाणवेलींतून, रखडत रखडत झाला. पण काम झालं होतं. संस्थेच्या इतर सभासदांनीही मग तोच मार्ग धरला. कॅप्टन स्कॉटचा मुलगा, पक्षितज्ज्ञ पीटर स्कॉट त्यांच्यातलाच. दरवेळी माणसं आणा, जॅक लावा, पूल उचला, पुन्हा खाली ठेवा. शेवटी तिथे नीट उघडणारा पूल बसवणंच परवडलं.

एका होडीवाल्याने आपला मार्ग आखला आणि तो कळवला, एवढीच ही कृती. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. पण त्या सूचनेमुळे दुरुस्ती टाळणाऱ्याला दुरुस्ती करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

याच कालव्याच्या दक्षिण भागाची गोष्ट तर याहून गंमतीची. तेरा मैलांचा हा भाग पार मोडकळीला आला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस वॉरिकशायरच्या काउंटी कौन्सिलला एका पुलाच्या कामाचा खर्च वाचवायचा होता. कौन्सिलने कालवा कायमचा सोडून देण्याची परवानगी मागितली. त्यासाठी तीन वर्षांत त्यावरून वाहतूक झालेली नाही, हे दाखवणं आवश्यक होतं. तेव्हा पुढे आली ती कर भरल्याची पावती, आणि तीही मोठ्या होडीची नव्हे, एका कनूची! पाण्यातून वाट काढणारी ती हलकी, वल्ह्याने चालवायची नाव कौन्सिलला भारी पडली. १९५९ मध्ये परवानगी नाकारली गेली. नॅशनल ट्रस्टने कालवा हाती घेतला. डेव्हिड हचिंग्ज यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांनी, सैनिकांनी आणि तुरुंगातल्या कैद्यांनीही खपून तो दुरुस्त केला. जुलै १९६४ मध्ये राजमातेच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला.

सगळीकडे इतक्या झटपट यश आलं नाही. केनेट अँड एव्हन कालव्याचं उदाहरण घ्या. ब्रिस्टल आणि लंडन या दोन बाजूंना जोडणारा हा मार्ग १९५० च्या सुमारास लॉक निकामी झाल्याने तुटला. १९५६ मध्ये वीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज जलमार्गानेच लंडनला नेण्यात आला. कालवा सोडून देण्याचा बेत बारगळला, पण दुरुस्ती? केन हिल इथे एकामागोमाग एक अशा २९ लॉकची माळ आहे. ती सगळी नव्याने उभी करायची होती. राणीच्या हस्ते हा कालवा पुन्हा खुला झाला तो ८ ऑगस्ट १९९० रोजी. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं. १९५० मध्ये तिशीत असलेल्या माणसाने या वाटेने जायचं ठरवलं असतं, तर त्याची सत्तरी उलटली असती.

दरम्यान कायदा बदलला होता. कालवे १९४८ पासून सरकारच्या मालकीचे झाले होते. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि मालवाहतूक जवळपास संपली. १९६८ च्या वाहतूक कायद्याने मग तीन वर्ग केले : व्यापारी जलमार्ग, नौकाविहाराचे जलमार्ग आणि उरलेले. नौकाविहाराचे मार्ग होड्यांना जाता येईल अशा स्थितीत ठेवणं हे कर्तव्य ठरलं. हौशी प्रवाशाची सहल कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली. ‘उरलेल्या’ वर्गाच्या नशिबी मात्र कमीत कमी खर्चात होईल तेवढंच आलं.

एक दुरुस्ती रखडली तर केवढा फरक पडतो, हे पाहायचं तर ‘चेशायर रिंग’ पाहावी. सहा कालवे मिळून झालेलं हे ९७ मैलांचं वर्तुळ. जिथून निघालो तिथेच परत, तेही एकदाही मागे न वळता. त्यात ९२ लॉक आहेत. होडीवाल्यांचा हिशेब सोपा असतो. मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तासाला तीन धरायचे. १८९ भागिले तीन, म्हणजे ६३ तास. रोज सात तास होडी हाकली तर नऊ दिवस. मोठ्या रजेत बसणारी सहल.

हे वर्तुळ पूर्ण व्हायलाही दुरुस्तीचीच वाट पाहावी लागली. ॲश्टन आणि पीक फॉरेस्ट कालव्यांतला कचरा उपसायला १९६८ मध्ये सुमारे सहाशे आणि १९७२ मध्ये हजारेक स्वयंसेवक उतरले. १९७४ मध्ये ते कालवे उघडले. आणि वर्तुळाच्या दुसऱ्या बाजूला, बॉलिन नदीपाशी, ब्रिजवॉटर कालवा १९७१ मध्ये फुटला होता. तो भराव बांधून व्हायला १९७३ उजाडलं. पुढे १ जानेवारी २०२५ रोजी, मुसळधार पावसानंतर, त्याच परिसरात, डनहॅम मॅसीजवळ तोच कालवा पुन्हा फुटला. २०२५ चा सगळा हंगाम वर्तुळ तुटलेलंच राहिलं.

आता हिशेब करा. ब्रिजवॉटर कालव्याच्या या बाजूला एकही लॉक नाही. लिम गावाहून मँचेस्टर ही एका दिवसाची निवांत वाट. ती तुटली, की तेवढ्याच ठिकाणी पोहोचायला उरलेलं वर्तुळ फिरून यायचं, ९२ च्या ९२ लॉक उघडत-मिटत. रजा संपून जाते, भाड्याने घेतलेली होडी वेळेवर परत देता येत नाही. मग लोक तो मार्गच टाळतात. काठावरच्या खानावळी आणि होड्या भाड्याने देणारे धंदे रोडावतात.

म्हणूनच मोठ्या दुरुस्त्या नोव्हेंबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत काढायची पद्धत आहे. वेळापत्रक आधी जाहीर होतं आणि त्यावरून लोक ईस्टरनंतरच्या सहली आखतात. काम लांबलं की सगळं कोलमडतं. काम लांबायला कारणंही खरी असतात. पाणी उपसून तळ उघडा केल्याशिवाय दोनशे वर्षांच्या भिंतीत काय दडलंय, ते कळत नाही. आणि पैसा हे कारण तर नेहमीचंच. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ पासून ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आहेत. सरकारी अनुदान २०२७ पासून दहा वर्षं दरवर्षी पाच टक्क्यांनी घटवण्याचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर झाला. जुनी बांधकामं वर्षागणिक थकत जाणार आणि अनुदान आटत जाणार.

अशा वेळी उशीर कुठला आणि टाळाटाळ कुठली, हे ओळखायचं कसं? इतिहासाने एक साधी खूण दिली आहे. ज्या वाटेने जायला कोणी तरी थांबलेलं आहे, तिची दुरुस्ती उशिरा का होईना, होते. जिची वाट पाहणारं कोणीच उरत नाही, ती फाइलमध्येच बुजते. म्हणून तिथले जाणते होडीवाले मार्ग बंद असला तरी तो यादीतून खोडत नाहीत. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात तो पुन्हा लिहितात आणि तसं कळवतातही.

शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्ड गावात, रॉयल शेक्सपिअर थिएटरसमोरच्या धक्क्याला आज रंगीबेरंगी होड्या लागलेल्या असतात. नाटकाला आलेले प्रेक्षक मध्यंतरात त्या पाहत उभे राहतात. बर्मिंगहॅमकडून या होड्या जिथपर्यंत येतात, ती वाट एका कनूच्या पावतीने राखलेली आहे.