वाजीकरण आहार

कामेच्छा, मैथुनशक्ती व संततिक्षमता वाढवणारा म्हणून आयुर्वेदाने सांगितलेला आहार. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक असून चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनानंतरचा दुसरा अध्याय त्याला दिलेला आहे. मनाजोगती स्त्री हेच श्रेष्ठ वाजीकरण, असे चरक म्हणतो. औषधाआधी मनाच्या ओढीला दिलेले हे स्थान या प्रकरणातील सर्वांत जाणती गोष्ट होय.

शुक्र (वीर्य) हा शरीराच्या सात धातूंपैकी शेवटचा. मधुर, स्निग्ध व जड पदार्थांनी त्याचे पोषण होते, अशी उपपत्ती आहे. म्हणून दूध, तूप, उडीद, साठेसाळीचा भात, साखर यांवर भर. वनस्पतींत शतावरी, अश्वगंधा, गोखरू प्रमुख. खाजकुयलीच्या शेंगेवरील लव अंगाला लागली की असह्य खाज सुटते, पण आतले कवचबीज दुधात शिजवून, सोलून घेतात. त्यात लेवोडोपा हे कंपवातावर वापरले जाणारे द्रव्य असते, त्यामुळे ते वैद्यकीय सल्ल्याविना खाणे धोक्याचे.

वाजीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव, क्लोरोफायटम बोरिव्हिलियॅनम, मुंबईच्या बोरिवलीवरून पडले. पावसाळ्याच्या तोंडाशी तिची कोवळी पाने ठाणे-पालघरकडे फोडशी किंवा कुलूची भाजी म्हणून आवडीने खातात. औषधी भाग मुळांचा. त्यांसाठी अख्खे रोप उपटले जाते व जंगलात ती विरळ होत गेली. आता तिची लागवड होते. उंदरांवरील काही प्रयोगांत अनुकूल परिणाम आढळले, माणसांबाबतचा पुरावा मात्र तोकडा आहे.