शिडाची बोट आणि दोन शिकाऊ माणसं

आज उमापूरहून थेट समुद्रावर जायचंय. आपल्याकडे पाणी म्हटलं की गोदावरी, विहीर, नाहीतर टँकर. समुद्र आपण बघतो तो मोबाईलवर. त्यामुळे शिडाच्या बोटीतून जगाची फेरी मारणं हे आपल्यासारख्यांचं काम नाही, असं वाटतं ना?

मग हे ऐका. भारतीय माणसानं, भारतात बांधलेल्या बोटीतून, एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास घेतला होता निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी. आणि ते राहायचे फलटणजवळच्या विंचुर्णी गावात. समुद्र तिथूनही दिसत नाही!

२००६ मध्ये नौदलातले कमांडर दिलीप दोंदे या कामासाठी पुढे आले. ते मुळात नौदलाचे डायव्हर. अडचण अशी, की एकट्यानं शिडाच्या बोटीतून जग फिरलेला एकही भारतीय तेव्हा नव्हता. विचारायचं कुणाला?

बोट बांधायला घेतली गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांनी. फायबरग्लासच्या बोटी ते बनवायचे, पण महासागरात जाणारी शिडाची बोट त्यांनीही कधी बांधली नव्हती. म्हणजे चालवणारा नवा आणि बांधणाराही नवा. नकाशे आले हॉलंडहून. दोघं चुकत, विचारत, शिकत गेले. बोट बांधताना दोंदे तिथेच असायचे, आणि त्याचा मोठा फायदा झाला. भर समुद्रात काही मोडलं तर मिस्त्री कुठून आणणार? कुठला जोड कसा बसवलाय हे आपल्यालाच माहीत पाहिजे.

दोंद्यांनी धडे घेतले ते सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडून. १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता, एकट्यानं जगाला फेरी मारणारा हा पहिला माणूस. गंमत म्हणजे त्यांची ‘सुहेली’ ही सागवानी बोट बांधली होती आपल्या मुंबईतच!

फेब्रुवारी २००९ मध्ये ५६ फुटी ‘म्हादेई’ नौदलात आली. आता खरी शिकवणी सुरू झाली. वारा समोरून असला तर शिडाची बोट सरळ जात नाही, नागमोडी न्यावी लागते. वारा वाढला की शीड वेळेत लहान करावं लागतं. एकटा माणूस झोपणार कधी? तर तुकड्यातुकड्यानं. मॉरिशसपर्यंत सोबत्यांबरोबर जाऊन, येताना दोंदे एकटे आले. ती त्यांची चाचणी परीक्षा.

१९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून निघाले. वाटेत फक्त चार बंदरं: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन. मे २०१० मध्ये मुंबईला परतले, तेव्हा एकट्यानं शिडावर जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले होते.

आता पुढच्याला विचारायला माणूस होता. अभिलाष टॉमी याच ‘म्हादेई’तून २०१२-१३ मध्ये न थांबता जग फिरून आले. आणि दांडेकरांनीच बांधलेल्या ‘तारिणी’तून दिलना के. आणि रूपा ए. या नौदलातल्या दोघी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या. एवढ्या मोठ्या समुद्रात बोटीवर फक्त दोघी.

मंडळी, सुरुवातीला दोंदे आणि दांडेकर दोघंही शिकाऊच होते. पण येत नाही हे त्यांनी लपवलं नाही, जाणत्या माणसाला गाठून विचारलं. उमापुरातून समुद्र लांब असेल, पण विचारायला जायची वाट तर इथूनही निघते. भेटू पुढच्या भागात!